जुन्या बसला दोन टाक्या
पुण्यात २०१६ साली मोडीत निघालेल्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहे केली. नाव ठेवले ‘ती’. बाजारहाटाला आलेल्या बाईची मोठी अडचण टळली.

जवळ नळ नि गटार नसेल, तर अशा गाडीला दोन टाक्या लागतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मैल्याची. मैल्याची टाकी मोठी हवी. का बरे? वापरलेले सगळे पाणी तिच्यातच येते, वर मळही येतो.

पण उगाच मोठी टाकी नको. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. ५०० लिटरचे झाले ५ क्विंटल! म्हणून टाकी खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये बसवावी. वर ठेवली, तर वळणावर गाडी कलंडायची भीती.

आणि मैला ओढ्यात सोडू नका. तेच पाणी पुढे कोणीतरी पिते.