पणजोबांचे पणजोबा: शोध कुठे घ्यावा?

ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली जनगणना 1881 ची. तिचे छापील तक्ते ग्रंथालयांत मिळतात, पण त्यांत फक्त आकडे. घरोघरच्या नावांच्या याद्या जपल्याच गेल्या नाहीत. त्यामुळे इंग्लंडमधल्या कुटुंबांप्रमाणे जनगणनेतून पूर्वज शोधणे इथे शक्य नाही.

जनगणनेऐवजी खरा आधार म्हणजे नाशिकला पंचवटीत रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला, अस्थिविसर्जनाला किंवा सिंहस्थात आलेला यजमान त्यांत वडील, आजोबा, भाऊ, मुले आणि गाव लिहून सही करी. जाताना आडनावाबरोबर मूळ गाव नक्की माहीत हवे; आपले उपाध्ये कोण, हे त्यावरूनच कळते. जुने लेख अनेकदा मोडीत असतात, म्हणून मोडी वाचक सोबत घ्यावा.

तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे: त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. कुणबी जातीच्या नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून असे दप्तर मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. शोधात आपल्याच मूळ गावाचे दप्तर धुंडाळणारे भाऊबंदही गाठा. एकाने वाचलेले पान दुसऱ्याच्या वंशावळीतली पिढी जोडते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या सर्वांच्या मात्र नाहीत. ज्या शहरात 1930 मध्ये काळाराम मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे दलित घरांचे पूर्वज तीर्थाच्या वहीत सापडण्याची आशा थोडीच. अशा घरांनी महार वतनाची कागदपत्रे आणि लष्करातल्या नोकरीच्या नोंदी आधी शोधाव्यात.