समास सोडण्याची विद्या

इंग्रजी अमदानीत जिला कमर्शियल आर्ट म्हणत, पुढे शासकीय परिभाषेत जी उपयोजित कला झाली आणि आता जिला सर्रास ग्राफिक डिझाइन म्हणतात, त्या विद्येचा जाणकार जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत शोधू लागले, तर कोणी पेंटरकडे बोट दाखवील, कोणी डीटीपीवाल्याकडे, कोणी फ्लेक्स छापणाऱ्याकडे. आणि कोणाचेच उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, कारण हत्यार कोणतेही असो, वाचणाऱ्याच्या डोळ्याला आधी काय भेटावे, मागाहून काय आणि मध्ये किती अंतर असावे, हे ठरविणे एवढाच या धंद्याचा खरा मजकूर आहे. ग्राफिक डिझाइन या संज्ञेच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः विल्यम ॲडिसन ड्विगिन्स या अमेरिकन ग्रंथसजावटकाराच्या १९२२ मधील लेखाला देतात.

विचार मात्र पुष्कळच जुना. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात ज्या संप्रदायाची बाडे निष्ठेने जमविली, त्याच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि तो कला महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक म्हणून लावावा, अशी माझी नम्र शिफारस आहे. अक्षर वाटोळे, सुटे, सरळ ओळीत असावे. पहिले जसे तसेच शेवटचे. तारुण्यात हौसेने काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून माप मध्यम धरावे. पानाच्या चहूबाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. वाचकाचे वय आणि कागदाचे आयुष्य यांचा इतका चोख हिशेब मांडणारी प्रकरणे विरळाच. त्या सोडलेल्या जागेलाही मराठीत समासच म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. मोडी दप्तरांतील कारकुनांची नजरही याच जातीची होती: मजकूर संपला तेथे लेखनसीमेचा शिक्का उठवावयाचा, म्हणजे खाली कोणी लबाडीने ओळ घुसडू नये, शोभा आणि बंदोबस्त एकाच ठशात.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच, आणि त्या तिलकनगराच्या सजावटीची कामगिरी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंवर सोपविली, ती सारा सरंजाम आसपासच्या साहित्याचा व ग्रामीण कारागिरांच्या हातचा असावा या अपेक्षेने. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांनी ओढलेल्या शृंगारलेल्या रथातून आले. पुढे १९३८ साली हरिपुऱ्यास बसूंनी काढलेल्या ग्रामजीवनाच्या चित्रफलकांचा लौकिक देशभर झाला. त्यांची तालीम आपल्या फैजपूरला झाली, असे मी खानदेशी अभिमानाने मानतो.

जळगाव जिल्ह्यातच १९१४ साली जन्मलेले द. ग. गोडसे यांनी मुखपृष्ठ, नेपथ्य आणि कलामीमांसा या तिन्ही मुलखांत संचार केला. त्यांचे ‘पोत’ हे पुस्तक वाचणाऱ्यास वस्तूचे अंग पाहावयाचे कसे, हे कळू लागते.

हल्लीच एका छापखान्यात लग्नपत्रिकेचा मसुदा तपासत बसलो असता शेजारच्या गिऱ्हाइकाने पडद्यावरच्या समासावर बोट ठेवले. “भाऊ, एवढी जागा कोरी कशाला? काकालोकांचे नावं बसतील ना तिथं.” ऑपरेटरने चष्मा वर सारला, अक्षर दोन पॉइंटांनी बारीक केले आणि सात नावे कडेपर्यंत बसविली. ती पत्रिका पुढे माझ्या एका वृद्ध शेजाऱ्यांकडे आली. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली.