मुलाखतीची पूर्वतयारी : माणिकगड परिसरातील तरुण आणि व्यवसायाची निवड

माणिकगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले गडचांदूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील प्रमुख गाव. राजुऱ्याचा हा सारा प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये त्यावेळच्या चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. कापूस, ज्वारी, तूर आणि जंगलातील गौण वनोपज यांवर चालणाऱ्या या भागाचे अर्थजीवन १९८० च्या दशकापासून पालटू लागले. भूगर्भातील चुनखडीच्या साठ्यांमुळे आवारपूर व गडचांदूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. पुढे उपरवाही व नारंडा येथेही कारखाने झाले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आणि भद्रावतीची आयुध निर्माणी यांमुळे हा वनप्रधान जिल्हा राज्याच्या औद्योगिक नकाशावर ठळकपणे आला.

तथापि कारखाना गावाच्या शिवेवर आला म्हणजे नोकरी घरात आली, असे होत नाही. ज्यांच्या जमिनी खाणींत व कारखान्यांत गेल्या त्यांच्या मुलांनाही अर्ज, चाचणी आणि मुलाखत या तीन पायऱ्या चढाव्याच लागतात. शाळा, महाविद्यालय किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण पहिल्या दोन पायऱ्या बहुधा चढतो. तिसऱ्या पायरीवर मात्र तो अडखळतो. दहा-पंधरा मिनिटांच्या संभाषणात त्याची वर्षांची मेहनत झाकली जाते आणि आपल्यातच काही उणे आहे असा समज करून घेऊन तो गावी परततो. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. मुलाखत ही शिकता येणारी गोष्ट आहे आणि ती शिकविण्यास शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुक्याच्या ठिकाणचे कर्मचारी सहज हातभार लावू शकतात.

निवड आधी, मुलाखत नंतर

मुलाखतीची तयारी मुलाखतीच्या पत्रापासून सुरू होत नाही. तिचा आरंभ व्यवसायाच्या निवडीपासून होतो. अमेरिकेतील बोस्टन शहरी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू करणारे फ्रँक पार्सन्स यांनी या विषयाची साधी त्रिसूत्री मांडली. माणसाने स्वतःची आवड व कुवत ओळखावी, निरनिराळ्या व्यवसायांची खरी माहिती मिळवावी आणि या दोहोंचा मेळ घालावा, ही ती त्रिसूत्री. भारतात सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांसाठी सुरू झाली, १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. केवळ नोंदणी न करता तरुणांना मार्गदर्शनही करावे, हे कार्य त्यानंतर या कार्यालयांकडे आले. आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हेच कार्य करते.

माणिकगड परिसरात या निवडीला अनेक वाटा आहेत. यंत्रांची आवड असलेल्यास जोडारी, वीजतंत्री किंवा संधाता यांचे प्रशिक्षण उपयोगी पडते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि त्यांचे प्रमाण कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के ठेवावयाचे असते. त्यामुळे ज्या कारखान्यात पुढे नोकरी मागावयाची, तेथेच आधी काम शिकण्याची संधी मिळू शकते. जंगलाशी नाते असलेल्यास वन विभागाची सेवा आहे. बांबूकामात हात बसलेल्यास चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या व्यवस्थापनातून रोजगार उभा केला, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. नोकरी हा एकच व्यवसाय नव्हे, हेही तरुणांस वेळीच सांगावयास हवे.

मुलाखत कोठे असते, कोठे नसते

ग्रामीण भागात एक मोठा गैरसमज आढळतो. प्रत्येक शासकीय नोकरीस मुलाखत असते आणि तेथे 'ओळख' लागते, असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) या पदांच्या भरतीतून मुलाखत वगळली. राज्यातही ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांची निवड लेखी परीक्षेवर होते. वनरक्षक आणि पोलीस शिपाई यांच्यासाठी लेखी परीक्षेसोबत शारीरिक चाचणी असते. पोलीस भरतीत पुरुषांसाठी १,६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावणे असते. अशा पदांसाठी मुलाखतीचे आमिष दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी. ही एक गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितली गेली तरी अनेक कुटुंबांची जमापुंजी वाचेल.

मुलाखत असते ती उच्च पदांसाठी आणि खासगी क्षेत्रात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. खासगी संस्थांतील शिक्षकांची भरती 'पवित्र' संगणक प्रणालीतून होते व तीत मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन मार्ग आहेत. कारखान्यांत मात्र मुलाखत जवळजवळ सर्वत्र असते.

मुलाखतीला किती महत्त्व असावे, याचा विचार सर्वोच्च न्यायालयानेही केला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हसिया प्रकरणात १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेस होते आणि मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्याची तक्रार होती. अशा प्रवेशात एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीस ठेवणे मनमानीचे ठरेल, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. १९८५ च्या अशोक कुमार यादव प्रकरणात, हरियाणातील नागरी सेवांच्या निवडीत तोंडी परीक्षेला दिलेले गुण अवाजवी असल्याचे न्यायालयाने म्हटले. मुलाखतीत अपयश आले म्हणजे माणूस नालायक ठरला असे नव्हे, हे या निर्णयांतून उमेदवारांनी व पालकांनीही ध्यानी घ्यावे. सर्वांना तेच प्रश्न विचारून आधी ठरविलेल्या निकषांवर गुण दिले, तर मुलाखतीचा अंदाज अधिक खरा ठरतो, असे औद्योगिक मानसशास्त्रातील संशोधनही सांगते. स्थानिक संस्थांनी स्वतःकडील नेमणुका करताना ही पद्धत अवश्य अंगीकारावी.

मुलाखतीत काय पाहिले जाते

कारखान्यातील मुलाखत घेणाऱ्यास मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. उमेदवारास काम येते काय, तो सुरक्षितपणे काम करील काय, आणि तो टिकेल काय. 'स्वतःविषयी सांगा' या पहिल्या प्रश्नाचा रोख याच तीन गोष्टींकडे असतो. पुष्कळ तरुण या प्रश्नास नाव, गाव व वडिलांचा व्यवसाय सांगून गप्प होतात. जोडारी झालेल्या उमेदवाराने त्याऐवजी आपण कोणत्या यंत्रावर काम केले, कोणती जुळणी स्वतः केली आणि कोणते काम अवघड गेले, हे चार-पाच वाक्यांत सांगावे. त्यातून पुढचे प्रश्न आपोआप त्याच्या ओळखीच्या वाटेने येतात.

विषयाचे प्रश्न बहुधा मूलभूत असतात. व्हर्नियर कॅलिपरने किती सूक्ष्म माप घेता येते, असे विचारल्यास साध्या मेट्रिक व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर व मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर असते, हे सांगता आले पाहिजे. वीजतंत्र्याला भूयोजन कशासाठी करतात हे ठाऊक हवे. ज्या उद्योगात जावयाचे त्याची ओळखही हवी. चुनखडी दळून सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानावर भट्टीत भाजली की क्लिंकर तयार होतो आणि तो दळताना जिप्सम मिसळतात, अन्यथा पाणी लागताच सिमेंट फार लवकर घट्ट होईल. धुराड्याच्या छायेत वाढलेल्या मुलास हे सांगता येऊ नये, ही खेदाची बाब होय. शाळेने विज्ञानाच्या तासाला एकदा कारखान्याची भेट घडविली, तर ही उणीव राहणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न तर हमखास येतो. चालू पट्ट्यावर हात घालू नये, दुरुस्तीपूर्वी वीजप्रवाह बंद करून तसा फलक लावावा, उंचीवर काम करताना पट्टा बांधावा, ही उत्तरे पाठांतराने न देता प्रत्यक्ष अनुभवातून दिली तर त्यांचा प्रभाव पडतो. जे येत नाही ते 'मला माहीत नाही, शिकून घेईन' असे सरळ सांगावे. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तर यंत्रासमोर जीवघेणे ठरू शकते, हे मुलाखत घेणारा जाणून असतो.

भाषा आणि आत्मविश्वास

या भागात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू व बंजारा भाषा घरोघरी बोलल्या जातात. घरात एक, शाळेत दुसरी आणि मुलाखतीत हिंदी किंवा इंग्रजी, असा तिहेरी प्रवास कोलाम वा गोंड कुटुंबातील तरुणास करावा लागतो. अडखळणे हे अज्ञानाचे लक्षण नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवले पाहिजे. उमेदवाराने आपल्या कामाची पन्नास-साठ शब्दांची नावे हिंदी व इंग्रजीत पक्की करावी आणि बाकीचे साध्या भाषेत सांगावे. मुलाखत मराठीत देता येईल काय, हे आदरपूर्वक विचारण्यात कमीपणा नाही.

या तरुणांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते सांगण्यायोग्य आहे हेच त्यांना ठाऊक नसते. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्ट शिखर सर केले. चाचण्यांतून निवड आणि त्यानंतर शिस्तबद्ध प्रशिक्षण, हा त्या यशाचा मार्ग होता. प्रत्येक जण शिखरावर जाणार नाही. परंतु तेंदूपानांच्या हंगामात हिशेब ठेवणारी मुलगी किंवा शेतातील पंप स्वतः दुरुस्त करणारा मुलगा यांच्याजवळही जबाबदारीचा पुरावा असतो. तो शब्दांत मांडावयास शिक्षकांनी शिकवावे.

कागदपत्रे

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि बँकेचे पुस्तक यांच्या मूळ प्रती व दोन-दोन छायाप्रती एका पाकिटात तयार ठेवाव्यात. नावाच्या लेखनातील फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा. जिवती तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांत दोन्ही राज्यांची कागदपत्रे असलेली कुटुंबे आहेत. तेथील उमेदवारांनी अधिवासाच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्यावे.

उद्योगांतील स्थानिकांच्या प्राधान्याबाबतही नेमकी माहिती हवी. राज्याच्या धोरणानुसार पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के व इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक व्यक्ती असाव्यात. पण येथे 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती, केवळ त्या गावचा रहिवासी नव्हे. म्हणूनच गडचांदूरच्या उमेदवारास नागपूर वा अमरावतीच्या उमेदवाराशीही स्पर्धा करावी लागते.

उमेदवारानेही विचारावे

मुलाखतीच्या अखेरीस 'तुम्हाला काही विचारावयाचे आहे काय?' असे विचारले असता बहुतेक जण मान हलवितात. वास्तविक ही संधी असते. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, वेतन किती व कोणत्या तारखेस, पाळ्या कशा, भविष्य निर्वाह निधी कापला जाईल काय, हे नम्रपणे विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार कामगारास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. ते मागणे हा उद्धटपणा नसून हक्क आहे.

गावाची जबाबदारी

या कामास मोठ्या खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा भरतीच्या जाहिराती वाचून दाखविता येतील. कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा कामगार, शाळेचे मुख्याध्यापक आणि आरोग्य केंद्रातील परिचारिका अशा तिघांचे मंडळ बसवून सरावाच्या मुलाखती घेता येतील. तीन-चार वेळा खुर्चीत बसून बोललेल्या उमेदवाराची भीड पुष्कळ मोडते. मुलींसाठी अशा सरावाचे महत्त्व अधिक आहे, कारण त्यांना घराबाहेरील अनोळखी माणसांशी बोलण्याचे प्रसंगच थोडे येतात. प्रवासाचा प्रश्नही लहान नाही. जिवतीच्या डोंगरावरून सकाळी दहाच्या मुलाखतीस चंद्रपूर गाठावयाचे, तर आदल्या दिवशी निघून मुक्कामाची सोय करावी लागते, आणि ती सोय गावाने मनावर घेतल्यास होऊ शकते.

निवड न झालेल्यांचीही विचारपूस व्हावी. कोणते प्रश्न आले, कोठे अडले, याची एक वही वाचनालयात ठेवली, तर एकाचा अनुभव पुढच्या दहा जणांच्या उपयोगी पडेल. चुनखडी आणि कोळसा यांनी या भागास उद्योग दिले. त्या उद्योगांत येथील तरुणांस मानाची जागा मिळावी, यासाठी अशा छोट्या, सातत्याच्या प्रयत्नांची आवश्यकता आहे.