राधानगरी अभयारण्यातील कच्चे वनमार्ग : प्रवेश, देखभाल आणि ऋतुमानानुसार पूर्वतयारी

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कण्यावर राधानगरी अभयारण्य वसलेले आहे. संस्थानकाळात दाजीपूरचे हे जंगल राजघराण्याचे राखीव शिकारक्षेत्र होते. इ. स. १९५८ मध्ये गव्याच्या रक्षणार्थ तेथे अभयारण्य घोषित झाले. इ. स. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१.१६ चौ. कि. मी. झाले. इ. स. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत राधानगरीचाही अंतर्भाव आहे. येथील गवा, वनस्पती आणि जलाशय यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु ज्या कच्च्या मार्गांवरून अभ्यासक, पर्यटक, वनरक्षक आणि स्थानिक रहिवासी जंगलात ये-जा करतात, त्या मार्गांचा स्वतंत्र विचार फारसा होत नाही. हे मार्ग कोणासाठी खुले असावेत, ते कशामुळे झिजतात आणि कोणत्या ऋतूत त्यांची कोणती देखभाल करावी, या तीन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. पावसाळ्यातील बंदी हा मार्गाच्या देखभालीचाच एक भाग आहे आणि तिचा भार प्रथम पर्यटकाने उचलला पाहिजे, अशी या लेखाची भूमिका आहे.

भूमी आणि पर्जन्य

कोल्हापूर शहरात वार्षिक सरासरी पाऊस सुमारे १००० मि. मी. पडतो; तेथून अवघ्या ५५ कि. मी. अंतरावरील गगनबावड्यात तो त्याच्या सुमारे पाचपट असतो. दाजीपूरचा परिसर याच अतिपर्जन्याच्या पट्ट्यात मोडतो. यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. साहजिकच येथील कोणत्याही कच्च्या मार्गाचे आयुष्य प्रामुख्याने पाणीच ठरविते.

या प्रदेशात डोंगरमाथ्यावर जांभ्या खडकाचे कठीण कवच आढळते. स्थानिक भाषेत अशा सपाट माथ्यांना ‘सडा’ म्हणतात. या कवचाखाली बहुधा मऊ चिकणमातीचा थर असतो. मार्ग काढताना उतार खोदला गेला की हा थर उघडा पडतो, पाणी शोषून जड होतो आणि वरचे कवच आधार सुटून खाली येते. घाटमार्गांवर पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. सड्यावरील मातीचा थर तर काही सेंटिमीटरांचाच असतो. त्या थरावर पावसाळ्यात अल्पायुषी वनस्पतींचा बहर येतो. वाहनाच्या एका फेरीने उमटलेला व्रण तेथे दीर्घकाळ राहतो, कारण नवी माती तयार होण्याची प्रक्रिया अत्यंत मंद आहे. पन्हाळ्यानजीकच्या मसाई पठारासारख्या ठिकाणी वाहन थेट पठारावर नेण्याची जी हौस दिसते, तिच्याकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

प्रवेशाची कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेश हा अपवादात्मक अधिकार आहे. कर्तव्यावरील लोकसेवक, परवानाधारक, अभयारण्याच्या हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक महामार्गाने जाणारा प्रवासी आणि यांपैकी काहींचे अवलंबित एवढ्यांनाच तो आहे. कलम २८ मध्ये परवान्याची कारणे दिली आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार ही त्यांतील प्रमुख होत. कलम २९ अधिवासाची हानी करण्यास प्रतिबंध करते, तर कलम ३३ अन्वये रस्ते व पूल बांधण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहे.

या तरतुदींवरून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे उतरणारा रस्ता सार्वजनिक आहे. त्यावरून जाणाऱ्यास परवाना लागत नाही. मात्र त्या रस्त्यावरून वाहन आत वळविताच ते अभयारण्याच्या नियमांच्या कक्षेत येते. याच आतील मार्गांचा हक्काने वापर करणारा वर्ग म्हणजे हद्दीतील वाड्यावस्त्यांचे रहिवासी. पर्यटकाचा प्रवेश परवान्यावर अवलंबून आहे, रहिवाशाचा हक्कावर. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासह काही सार्वजनिक सुविधांसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविता येते. मात्र त्यासाठी हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत.

अभयारण्याबाहेरील क्षेत्रांची स्थिती वेगळी आहे. जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित झाली आहेत. परंतु अधिनियमाच्या कलम ३६-अ अन्वये अशा क्षेत्रांना कलम २७ मधील प्रवेशबंदीचे पहिले पोटकलम आपोआप लागू होत नाही. अभयारण्यात वाहनांवर नियंत्रण आले की हौशी वाहनचालकांचा ओघ अशा मोकळ्या माळांकडे व पठारांकडे वळण्याचा धोका यातून संभवतो.

मार्ग कशामुळे झिजतो

कच्च्या मार्गाच्या ऱ्हासाचा आरंभ ‘चाकोरी’पासून होतो. आपल्या भाषेत या शब्दाला ठरावीक जीवनक्रमाचा लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला असला, तरी मुळात ती चाकाने पाडलेली घळ आहे. ओल्या मातीत चाक रुतते, कडेची माती वर येते आणि दोन समांतर पन्हळी तयार होतात. पहिल्या सरीचे पाणी मार्गाच्या कडेला जाण्याऐवजी या पन्हळींतून मार्गाच्याच लांबीने धावू लागते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून तीव्र उतारावरची बोटभर खोल चाकोरी एका पावसाळ्यात ओहोळाचे रूप घेऊ शकते.

दुसरा टप्पा रुंदीकरणाचा. चिखल चुकविण्यासाठी चालक कडेच्या गवतावर वाहन घालतो. तोही भाग चिखलमय झाला की पुढचा चालक आणखी बाहेरून जातो. अशा रीतीने एका मार्गाच्या तीन-चार समांतर वाटा होतात आणि गव्यांच्या चराईचे गवताळ पट्टे आक्रसतात. तिसरा परिणाम सहजी दृष्टीस पडत नाही. टायरच्या नक्षीत अडकलेल्या चिखलाबरोबर रानमोडी, घाणेरी आणि काँग्रेस गवत यांची बीजे आत येतात. उघडी पडलेली मार्गाची कड त्यांच्या रुजण्यास अनुकूल असते.

देखभालीचे ऋतुचक्र

सुस्थितीतील कच्च्या मार्गाचे मुख्य लक्षण म्हणजे पाणी त्यावर थांबत नाही आणि त्याच्या लांबीने वाहतही नाही. त्यासाठी पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के, म्हणजे दर मीटर रुंदीस ४ सें. मी., आडवा उतार द्यावा लागतो. चढावर ठरावीक अंतराने तिरके चर काढून पाणी झाडीत सोडावे लागते. चढ जितका तीव्र, तितके हे चर जवळजवळ असावेत. ओढा ओलांडताना नळ्यांची मोरी पालापाचोळ्याने तुंबते. त्यामुळे कमी रहदारीच्या ठिकाणी दगडी फरशी अधिक टिकाऊ ठरते.

जून ते सप्टेंबर या काळात पर्यटकांच्या वाहनांना आतील मार्ग बंद असावेत. मात्र याच काळात पायी पाहणी करणे सर्वाधिक उपयुक्त असते. पाणी नेमके कोठून मार्गावर येते आणि कोठे बाहेर पडते, हे भर पावसातच दिसते. कोरड्या दिवसांत केलेला आराखडा पुष्कळदा अनुमानावर आधारलेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा प्रत्यक्ष दुरुस्तीचा काळ होय. मुरूम योग्य ओलाव्यातच घट्ट दबतो. पाऊस ओसरल्यानंतर जमिनीत तो ओलावा निसर्गतः असतो. मार्च-एप्रिलमध्ये टाकलेला कोरडा मुरूम मात्र धूळ होऊन उडतो आणि उरलेला पहिल्या पावसात वाहून जातो. म्हणून पर्यटनाचा हंगाम सुरू करण्याची तारीख केवळ दिनदर्शिका पाहून न ठरविता दुरुस्ती पूर्ण झाल्यावर ठरविणे श्रेयस्कर. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जाळरेषा घेतल्या जातात. सुस्थितीतील मार्ग वणव्याच्या वेळी जाळरेषेचेही काम करतो. मे महिन्यात मोऱ्या व चर साफ करून मार्ग पावसाच्या स्वाधीन करावयाचा असतो. हे अखेरचे काम राहून गेल्यास आधीचा सर्व खर्च व्यर्थ ठरतो.

वाहनाची पूर्वतयारी

वाहनाची स्थिती आणि चालकाची पद्धत यांवरही मार्गाची झीज अवलंबून असते. जीप हे वाहन कोल्हापूरच्या ग्रामीण भागास नवे नाही. ‘वडाप’ म्हणून डोंगराळ गावांना बाजारपेठेशी जोडण्याचे काम तिने दीर्घकाळ केले आहे. चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहन जागच्या जागी चाक फिरवून माती उकरत नाही, हा त्याचा खरा लाभ. चिखलात अधिक वेगाने जाता येणे हा नव्हे. मऊ जमिनीवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास भार अधिक क्षेत्रावर विभागला जाऊन चाकोरी उथळ राहते. मात्र धारदार जांभ्यावर व पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी ती पूर्ववत भरावी लागते. हंगामापूर्वी ब्रेक, इंधनाची व तेलाची गळती, धूर आणि आवाज यांची तपासणी व्हावी. शिवाजी उद्यमनगरासारख्या यंत्रकारागिरीच्या केंद्राच्या सान्निध्यात हे अवघड नाही. प्रवेशद्वारावर चाके धुण्याची सोय, वाहनात फावडे, दोर व अग्निशामक आणि ताशी २० कि. मी.च्या आत वेग एवढी पथ्येही पुरेशी परिणामकारक ठरतील.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी इ. स. १९७२ मध्ये, म्हणजे आपला वन्यजीव अधिनियम संमत झाला त्याच वर्षी, सार्वजनिक भूमीवरील अशा वाहनांच्या नियमनाचा आदेश काढला. इ. स. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने, माती वा वन्यजीवांवर गंभीर दुष्परिणाम दिसताच मार्ग तत्काळ बंद करण्याची तरतूद झाली. इ. स. २००५ च्या नियमाने तेथील वनसेवेने वाहनांसाठी खुले मार्ग निश्चित करून नकाशावर दाखविण्याचे बंधन स्वीकारले; नकाशावर नसलेला मार्ग बंद समजला जातो. तेथील विस्तीर्ण भूमी आणि आपले दाट वस्तीचे डोंगर यांची तुलना मर्यादित अर्थानेच करता येईल. तथापि, ‘जे खुले म्हणून दर्शविलेले नाही ते बंद’ हे तत्त्व आपल्या पठारांसाठी विशेष उपयुक्त आहे.

समारोप

मार्गाच्या ऱ्हासाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पर्यटकांच्या वाहनांनी खोल झालेली चाकोरी जुलैमध्ये वस्तीवरील रुग्णाला, गरोदर स्त्रीला किंवा शाळकरी मुलांना अडविते. त्या वेळी पर्यटक शहरात असतो. म्हणून पर्यटनातून मिळणाऱ्या शुल्काचा निश्चित हिस्सा मे महिन्यातील व ऑक्टोबरमधील कामांसाठी राखून ठेवणे, ही कामे स्थानिकांकडून करवून घेणे आणि मार्ग ठरावीक मर्यादेपलीकडे झिजताच पर्यटकांची वाहने थांबविणे, या तीन गोष्टी न्याय्य ठरतील. जीपचालक आणि मार्गदर्शक म्हणून उपजीविका करणाऱ्या स्थानिक तरुणांचे हितही यातच आहे. कारण बंद पडलेला मार्ग त्यांचाही रोजगार बुडवितो.

अशी मर्यादा ठरविण्यासाठी नोंदी हव्यात आणि येथे महाविद्यालयांचे साहाय्य मोलाचे ठरेल. निश्चित केलेल्या ठिकाणी मे व ऑक्टोबरमध्ये चाकोरीची खोली व मार्गाची रुंदी मोजणे, मोऱ्यांची यादी करणे आणि कडेच्या आगंतुक वनस्पतींची नोंद घेणे ही कामे भूगोल व वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वनविभागाच्या अनुमतीने करू शकतात. त्यासाठी मोजपट्टी, दोरी आणि वही एवढीच साधने पुरतात. अशा पाच वर्षांच्या सलग नोंदी हाती आल्यास कोणता मार्ग केव्हा उघडावा, याचा निर्णय अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मोजमापावर घेता येईल.