साल्व्हातोर रोझाचे बिनलढाईचे शिपाई

चित्रातला शिपाई म्हटला की लढाई आलीच, असे आम्ही धरून चाललो होतो. साल्व्हातोर रोझा या इटालियन चित्रकाराची ‘फिगुरिने’ ही माला पाहिली आणि तो समज गेला.

रोझाचा जन्म १६१५ चा, नेपल्सचा. १६५६-५७ च्या सुमारास रोममध्ये त्याने ही साठाहून अधिक छोटी एचिंग केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात ठेवायचा. जिथे थर निघाला तिथे तांबे खाल्ले जाते. मग त्यात शाई भरून कागदावर छाप घ्यायचे, एकाच पत्र्यावरून कितीतरी.

यातल्या बऱ्याच शिपायांच्या अंगावर प्राचीन धाटणीचे चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण आहे. पण ते करतात काय? कोणी भाल्यावर रेलला आहे, कोणी खडकावर बसून विचारात पडला आहे, दोघेतिघे बोलत उभे आहेत. ना सेनापती, ना शत्रू.

त्या काळचा खरा शिपाई असा नव्हता. युरोपातले तीस वर्षांचे युद्ध १६४८ मध्ये संपले होते. त्यातल्या भाडोत्री फौजा पगार थकला की गावेच लुटत. जाक कालो या फ्रेंच कलावंताने १६३३ मध्ये १८ चित्रांत ही लूट, ह्या फाशा आणि गावकऱ्यांनी घेतलेला सूडही दाखवला. कालोचा शिपाई पाहून भीती वाटते. रोझाने शिपायाला जुन्या काळचा पेहराव दिला. त्यामुळे हा कोणाच्या फौजेतला, कोणाचे मीठ खातो, हे विचारायची सोयच राहिली नाही. उरला नुसता माणूस, दमलेला किंवा विचारात पडलेला.

आम्हांला यात रोझाच दिसतो. आश्रयदात्याने विषय सांगावा आणि आपण रंगवावा, हे त्याला मानवत नसे. मोठे तैलचित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर जाते; छाप मात्र अनेकांच्या हाती पडतात आणि चित्रकाराचे नाव गावोगाव नेतात. मालक नसलेला शिपाई आणि मालक नको असलेला चित्रकार, दोघांचे गोत्र एकच.

गंमत म्हणजे ही माला त्याने अर्पण केली ती कार्लो दे रोस्सी या बँकर मित्राला. फावल्या वेळचा हा खेळ मैत्रीखातर देतो, अशा अर्थाची लॅटिन अर्पणपत्रिका आहे. त्यात ‘पिग्नस’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ तारण! उभी नोकरी तारणाचे कागद तपासण्यात गेली, पण असे तारण आमच्या टेबलावर कधी आले नाही.