वहीतला फ्रान्स, काचेवरचा फ्रान्स

एमिल झोला हे नाव मराठी वाचकाला दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे 'नाना', 'जर्मिनाल' या कादंबऱ्या. दुसरं म्हणजे ड्रायफस प्रकरण. निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूनं उभं राहून झोलानं १३ जानेवारी १८९८ रोजी 'लोरोर' या दैनिकात राष्ट्राध्यक्षांच्या नावे जाहीर पत्र लिहिलं आणि सगळा फ्रान्स ढवळून काढला. या दोन्हींच्या गदारोळात एक तिसरा झोला मागे पडला. आयुष्याच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत हा माणूस फोटोग्राफीच्या पुरता नादी लागला होता. दहाच्या आसपास कॅमेरे, तीन घरांत तीन अंधारखोल्या आणि हजारोंच्या घरातल्या निगेटिव्ह, एवढा त्याचा पसारा होता. हे सगळं निव्वळ हौसेखातर.

यात एक गंमत आहे. झोला हा तपशिलाचा भुकेला लेखक. माणूस कुठे राहतो, काय खातो, किती कमावतो याची खातरजमा केल्याशिवाय तो कादंबरीला हात घालत नसे. अशा लेखकाला कॅमेरा म्हणजे हुकमी हत्यार वाटायला हवं होतं. पण 'रूगाँ-माकार' ही त्याची वीस कादंबऱ्यांची मालिका १८७१ मध्ये सुरू झाली आणि १८९३ मध्ये संपली, आणि कॅमेऱ्याचं वेड लागलं ते त्यानंतर. ज्या कामासाठी कॅमेरा उपयोगी पडला असता, ते काम वहीवर उरकलं होतं. कॅमेरा त्यानं वेगळ्याच कारणासाठी उचलला.

वही घेऊन केलेला प्रवास

आधी वहीबद्दल. झोला पॅरिसचा लेखक मानला जातो, पण कादंबऱ्यांसाठी तो फ्रान्सभर हिंडला. फेब्रुवारी १८८४ मध्ये उत्तरेकडच्या आंझाँ इथल्या कोळसा खाणीत संप चालू होता. झोला तिथे पोहोचला, कामगारांच्या चाळींतून फिरला, स्वतः खाणीत उतरला. त्या टिपणांतून 'जर्मिनाल' उभी राहिली. मे १८८६ मध्ये तो पत्नी अलेक्सांद्रीनसह बोस प्रांतात गेला. पॅरिसच्या नैऋत्येला पसरलेला हा सपाट मुलूख फ्रान्सचं गव्हाचं कोठार समजला जातो. शातोदँ, क्लोय अशा बाजारगावांत फिरून त्यानं शेतकऱ्यांच्या वाटण्या, जमिनीचे भाव, जनावरांचा बाजार यांची टिपणं काढली आणि रोमिली-सूर-एग्र या खेड्यावरून आपल्या कादंबरीतलं गाव बेतलं. ती कादंबरी 'ला तॅर', म्हणजे जमीन. १८८७ मध्ये ती क्रमशः छापून येत असतानाच पाच तरुण लेखकांनी 'फिगारो'त जाहीरनामा काढून तिच्यातल्या 'घाणी'चा निषेध केला.

पुढे रेल्वेवरच्या कादंबरीसाठी एप्रिल १८८९ मध्ये तो इंजिनात उभा राहून पॅरिसहून मांतपर्यंत गेला. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धातल्या पराभवावरच्या कादंबरीसाठी १८९१ च्या वसंतात घोडागाडीतून सेदाँच्या रणभूमीकडे गेला, फ्रेंच सैन्य ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं. दरवेळी सोबत वही आणि पेन्सिल. हे प्रवास आठवड्या-दहा दिवसांत आटोपायचे. गरजेपुरता मुलूख पाहून झोला परतायचा, आणि लिहायला बसायचा ते बहुधा मेदाँला.

मेदाँ

पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीकाठी मेदाँ हे छोटं खेडं आहे. 'लासोमवार' या कादंबरीनं १८७७ मध्ये झोलाला पहिल्यांदा भरभरून पैसा दिला आणि पुढच्याच वर्षी त्यानं तिथे ९,००० फ्रँकला एक साधं घर घेतलं. त्यानंतर प्रत्येक मोठ्या यशासरशी घर वाढत गेलं. एका बाजूला चौकोनी मनोरा चढला, त्याला 'नाना'चं नाव मिळालं. दुसऱ्या बाजूला षट्कोनी मनोरा आला, तो 'जर्मिनाल'चा. नदीतल्या बेटावर लाकडी बंगली उभी राहिली, तिथे जायला होडी आली, गोठा आला, कुत्री आली. मोपासाँसारखे तरुण लेखक इथे मुक्कामाला येत. १८८१ मध्ये झोला गावच्या नगरपालिकेवर निवडूनही आला.

घर आणि नदी यांच्या मधून पॅरिस-ल हाव्र रेल्वेमार्ग जातो. बागेच्या टोकाला उभं राहिलं की गाड्या समोरून धडधडत जाताना दिसत. याच गाड्यांचे, त्यांच्या धुराच्या लोटांचे फोटो झोलानं पुढे हौसेनं काढले. त्याच मार्गावरची त्याची कादंबरी 'ला बॅत युमेन' १८९० मध्येच छापून झाली होती, त्यामुळे या फोटोंना कसलंच प्रयोजन नव्हतं. गाडी आली आणि त्यानं टिपली, इतकंच.

दुर्बीण

झोलाला कॅमेऱ्याची ओळख झाली १८८८ च्या उन्हाळ्यात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या र्वायाँ या गावी तो आपला प्रकाशक शार्पांतिए याच्या कुटुंबासोबत सुट्टीवर गेला होता. तिथले वृत्तपत्रकार व्हिक्टर बियो यांनी त्याला फोटो काढण्याचे प्राथमिक धडे दिले.

त्याच वर्षी त्याच्या घरात जान रोझरो ही बर्गंडीकडची एकवीस वर्षांची मुलगी कपडे शिवण्या-धुण्याच्या कामाला लागली होती. झोला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला मूलबाळ नव्हतं. दोघांचा संबंध जुळला. १८८९ मध्ये मुलगी झाली, दनीझ. १८९१ मध्ये मुलगा, झाक. त्याच वर्षी एका निनावी पत्रानं अलेक्सांद्रीनला सगळं कळलं. घर मोडायच्या बेतात आलं, पण मोडलं नाही. बऱ्याच भांडणतंट्यानंतर असं ठरत गेलं की झोलानं पत्नीसोबतच राहायचं आणि दिवसातला काही वेळ जान आणि मुलांना द्यायचा.

१८९३ च्या उन्हाळ्यात त्यानं जान आणि मुलांसाठी नदीपलीकडे शव्हेरशमाँ इथे घर भाड्यानं घेतलं. मेदाँच्या घरातून ते दिसायचं. तिथून तो दुर्बिणीतून मुलांना अंगणात खेळताना पाहायचा. फ्रान्समधला अतिशय खपाचा लेखक स्वतःच्या लेकरांना एवढ्याच अंतरावरून पाहू शकत होता. त्याची फोटोग्राफी समजून घ्यायची तर ही दुर्बीण ध्यानात ठेवायला हवी. पुढची सात-आठ वर्षं त्यानं कॅमेऱ्यानं केलं ते काम हेच, हे अंतर कमी करण्याचं.

सायकल आणि कॅमेरा

पुढे जानसाठी मेदाँजवळच्याच व्हेर्नोय गावात घर घेतलं गेलं, आणि झोलाच्या उन्हाळी दिवसांना शिस्त आली. सकाळी मेदाँला लेखन. दुपारी सायकल काढून व्हेर्नोय. तिथे मुलांसोबत चहा, खेळ आणि फोटो. सायकल हा तेव्हाचा नवा छंद होता आणि झोलानं तो पन्नाशी उलटल्यावर धरला. जानही सायकल चालवायची. तिच्या फोटोंत गुडघ्याखाली आवळलेली, घोळदार सायकलची विजार दिसते. त्या काळी बाईमाणसानं असा पोशाख करणं म्हणजे चारचौघांच्या भुवया उंचावणारच. 'पारी' या १८९८ मधल्या कादंबरीत झोलानं एका तरुण जोडप्याला सॅं-जर्मेनच्या जंगलात सायकलवर पाठवलं आहे, तेही अशाच विजारीत.

आता प्रवास लांबचे उरले नाहीत. सायकल जाईल तेवढाच मुलूख. पण आधी ज्या बोस प्रांतात तो काही दिवस राहिला, त्यापेक्षा नदीकाठचा हा लहानसा पट्टा त्यानं कितीतरी बारकाईनं पाहिला. झाडांच्या रांगांमधले रस्ते, नदीचा काठ, अंगणात शिवण घेऊन बसलेली जान, टोप्या घातलेली मुलं, कुत्री, फुलं. लांबून शटर दाबायची सोय त्यानं करून घेतली होती, त्यामुळे काही फोटोंत तो स्वतःही येतो. चहाच्या टेबलाशी, मुलांमध्ये, चष्मा आणि दाढी सांभाळत बसलेला. ज्या कुटुंबात त्याला दिवसातले काही तासच मिळत, त्या कुटुंबात त्यानं स्वतःला असं बसवून घेतलं.

याच फोटोंचा एक अल्बम त्यानं १८९७ मध्ये बांधला आणि त्याला पुस्तकासारखं नाव दिलं: 'दनीझ आणि झाक, एमिल झोलानं सांगितलेली खरी गोष्ट'. वीस कादंबऱ्यांत 'खरं' सांगण्याचा अट्टहास केलेल्या लेखकानं हा शब्द इथे वापरावा, आणि तेही वाचक फक्त घरातले असलेल्या पुस्तकासाठी, हे मला फार बोलकं वाटतं. ही गोष्ट छापता येण्यासारखी नव्हती. मुलांना त्याचं नावही लावता येत नव्हतं.

अंधारखोली

झोलानं फोटोग्राफी सोप्या वाटेनं केली नाही. १८८८ मध्येच ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला होता. त्यात शंभर फोटोंचा रोळ भरलेला असे; तो संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा आणि छापलेले फोटो घेऊन यायचे. कळ दाबण्यापलीकडे हौशी माणसाला काही करायची गरज उरली नव्हती. झोलाला मात्र तेवढ्यात गोडी नव्हती. पॅरिसचं घर, मेदाँ आणि व्हेर्नोय, तिन्हीकडे त्यानं अंधारखोली थाटली आणि सगळं स्वतः केलं.

हे काम खटपटीचं होतं. फोटो मुख्यतः काचेवर निघत. काचेच्या एका बाजूला जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा थर असे. काच प्रकाशात उघडली की वाया गेली, म्हणून कॅमेऱ्यात भरण्यापासून धुण्यापर्यंत सारं अंधारात किंवा मंद लाल दिव्यात. आधी विकासक द्रावण, त्यात काच हलवत राहायचं, आकृती हळूहळू उमटली की बाहेर काढायची, मग स्थिरीकरणाचं द्रावण, मग भरपूर पाणी. वाळलेल्या काचेवर कागद दाबून उजेडात छापायचं. जेवढी काच तेवढा फोटो. झोला एकच काच वेगवेगळ्या कागदांवर छापून पाहायचा. कुठे तपकिरी छटा, कुठे निळसर, कुठे करडी. परिच्छेद पुन्हापुन्हा घासून पाहणाऱ्याची ही सवय इथेही सुटली नव्हती.

फरक एवढाच की इथे मागणी नव्हती, हप्ता नव्हता, समीक्षक नव्हता. 'ला तॅर'वर जाहीरनामे निघाले. या काचांवर कुणी निषेध करणार नव्हतं. लेखक म्हणून झोला सतत कशाची तरी बाजू घ्यायचा, काहीतरी सिद्ध करायला निघायचा. या फोटोंत तो काहीच सिद्ध करत नाही. म्हणूनच त्यातल्या जानच्या चेहऱ्यावर वाद नाही, आणि दनीझ कुठल्याही सिद्धांताचं उदाहरण नाही.

परदेश आणि पॅरिस

जाहीर पत्रानंतर झोलावर खटला चालला. एक वर्ष तुरुंग आणि ३,००० फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. जुलै १८९८ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. लंडनच्या आसपास जवळजवळ अकरा महिने त्यानं काढले. जान आणि मुलं तिथे काही काळ येऊन गेली, अलेक्सांद्रीनही आली. या एकांतातही कॅमेरा हातात होता. अप्पर नॉरवुडचे ओले रस्ते, दुकानं, सायकलवरच्या इंग्रज बायका त्यानं टिपल्या. मेदाँचा आवडता कुत्रा पँपँ याच काळात तिकडे मेला आणि झोला त्यानं हेलावून गेला.

जून १८९९ मध्ये तो परतला. १९०० च्या पॅरिस महाप्रदर्शनाचे त्याचे फोटो पुढे गाजले. आयफेल मनोऱ्यावरून खाली पाहत काढलेली दृश्यं, सरकता पदपथ, मंडप, गर्दी. इथे हात सराईत दिसतो. तरी ही पॅरिसची चित्रं पाहिली की वाटतं, हे काम दुसरा चांगला फोटोग्राफरही करू शकला असता. व्हेर्नोयच्या अंगणात मात्र दुसऱ्या कुणालाच शिरकाव नव्हता.

पुढे काय झालं

२८ सप्टेंबर १९०२ रोजी झोला दांपत्य उन्हाळा संपवून मेदाँहून पॅरिसला परतलं. रात्री शेगडी पेटवली होती आणि धुराडं तुंबलेलं होतं. कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून झोला दुसऱ्या दिवशी सकाळी मेला, अलेक्सांद्रीन वाचली. धुराडं कुणी मुद्दाम बुजवलं होतं का, या शंकेचा निकाल आजवर लागलेला नाही. १९०८ मध्ये त्याच्या अस्थी पाँतेआँ या पॅरिसमधल्या राष्ट्रीय स्मारकात नेण्यात आल्या.

अलेक्सांद्रीननं मेदाँचं घर १९०५ मध्ये सरकारी आरोग्यसेवेला मुलांसाठी दिलं. आज तिथे संग्रहालय आहे आणि २०२१ पासून त्याच आवारात ड्रायफस संग्रहालयही उघडलं आहे. याहून मोठी गोष्ट म्हणजे तिनं दनीझ आणि झाक यांना जवळ केलं आणि त्यांना 'एमिल-झोला' हे आडनाव कायद्यानं लावता येईल अशी व्यवस्था केली. फोटो मुलांकडेच राहिले.

झोलाची छायाचित्रं पुस्तकाच्या रूपानं वाचकांपुढे आली ती १९७९ मध्ये. ग्रंथरचनाकार मासँ यांच्याबरोबर ते पुस्तक सिद्ध केलं झाकच्या मुलानं, फ्रांस्वा एमिल-झोला यांनी. आजोबांनी जी 'खरी गोष्ट' घरातच ठेवली होती, ती नातवानं उघडपणे छापली, त्यांचंच नाव लावून.