स्क्रीनवर पाच, फाइलमध्ये तीन: टू-वे बाइंडिंग नीट समजून घेऊया

माझ्या प्रश्नावलीसाठी मला पाच ठिपक्यांची मापनश्रेणी हवी होती, म्हणून अँग्युलरमध्ये स्वतःचा कंपोनंट लिहिला. पायलटमध्ये मैत्रिणींनी फॉर्म भरला, ठिपके छान रंगत होते. पण फाइल उघडली तर प्रत्येक उत्तर 3! सगळ्यांचं मत इतकं मध्यम कसं? ते मत नव्हतंच, माझी चूक होती.

‘टू-वे’ म्हटलं की वाटतं, फॉर्म आणि कंपोनंट आपोआप जोडलेले असतात. खरं तर ते दोन वेगळे एकेरी रस्ते आहेत. एकावरून फॉर्मची व्हॅल्यू कंपोनंटकडे येते, दुसऱ्यावरून वापरणाऱ्याने केलेला बदल फॉर्मकडे जातो. साध्या इनपुटसाठी अँग्युलर दोन्ही सांभाळतं. आपल्या कंपोनंटला मात्र ‘कंट्रोल-व्हॅल्यू-अ‍ॅक्सेसर’ हा इंटरफेस पाळावा लागतो.

त्यातलं ‘राइट-व्हॅल्यू’ म्हणजे येण्याचा रस्ता: फॉर्म देईल ते दाखवायचं. ‘रजिस्टर-ऑन-चेंज’मध्ये फॉर्म आपल्या हाती एक फंक्शन देतो. ते जपून ठेवायचं आणि वापरणाऱ्याने काही बदललं की नव्या व्हॅल्यूसह कॉल करायचं. व्ह्यू 3 मध्येही असेच दोन रस्ते आहेत: ‘मॉडेल-व्हॅल्यू’ हा प्रॉप आत येतो आणि ‘अपडेट’चा इव्हेंट बाहेर जातो.

मी क्लिकवर फक्त कंपोनंटमधली व्हॅल्यू बदलली, ते फंक्शन कॉलच केलं नाही. त्यामुळे स्क्रीनवर 5, फॉर्ममध्ये सुरुवातीचा 3. आणि 3 आधीच भरलेला असल्यामुळे ‘उत्तर आवश्यक’ ही तपासणीही मुकाट्याने पास!

उलटी चूकही होते. काही जण ‘राइट-व्हॅल्यू’च्या आतूनच ते फंक्शन कॉल करतात. मग जतन केलेला मसुदा फॉर्ममध्ये परत भरला, तरी अँग्युलर त्याला वापरणाऱ्याने केलेला बदल समजतं आणि फील्ड ‘डर्टी’ ठरतं. कुणी हातही लावलेला नसतो.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. सुरुवातीची व्हॅल्यू ‘नल’ ठेवा, म्हणजे न दिलेलं उत्तर आणि मध्यम उत्तर यांत गल्लत होणार नाही. आणि पायलटआधी 1, 5, 2, 4 अशी ठरलेली उत्तरं स्वतः भरून जतन झालेल्या फाइलशी ताडून पाहा. माझी चूक सगळीकडे 3 आल्यामुळे लगेच दिसली. दहापैकी एकाच प्रश्नात असती, तर तो 3 मी निष्कर्ष म्हणून प्रबंधात लिहिला असता.